आप्पांनी वाचलेलं हैदराबाद

लातूरच्या स्टँडसमोर हैदराबादी इराणी चहाचं हॉटेल निघालंय. काल त्या चहाचा वास आला आणि आप्पा आठवले, माझे वडील.

लातूर नवीन जिल्हा झाला त्याच सुमारास मी बी.ए. झालो, घरातला पहिला. पाऊस नव्हता, आमच्या मुरुड गावच्या शेतात काम नव्हतं. म्हटलं, आप्पांना हैदराबाद दाखवू. पैसे बेताचे, म्हणून तिथं फिरायला शहरातली डबलडेकर बस धरली. वरच्या मजल्यावर पुढं बसलं की शहर फुकटात दिसायचं.

आप्पांना मराठी अक्षर येत नव्हतं. मी त्यांना अडाणीच धरलं होतं. जुन्या शहरात दुकानांच्या पाट्या नुसत्या उर्दूत लागल्या आणि मला एक अक्षर कळेना. आप्पा मात्र काचेला टेकून वाचायला लागले.

"हे मोत्याचं दुकान. हा हकीम. इथं शेरवानी शिवतेत."

"आप्पा, तुम्हाला वाचता येतंय?"

"निजामाच्या शाळंत चार बुकं शिकलो की."

"कधी बोलला न्हाईत!"

"गावात उर्दू पाटी हाय कुठं, वाचायला?"

माझा पदवीचा तोरा तिथंच उतरला. तेव्हा लाज वाटली होती. आता वाटतं, लई बरं झालं.

शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं उतरायला सांगितलं. आप्पा उठले.

"बसा," मी म्हणालो, "त्या बाजूच्या पाट्या राहिल्यात." आणि परतीची दोन तिकिटं काढली.