अकरा कणसं

माकणीच्या धुरपदाबाईला विद्यापीठात नोकरी आहे, असं तिचा भाऊ सोयरिकीत सांगायचा. नोकरी कसली, रोजंदारी. गावापासून पाच किलोमीटरवर विद्यापीठाचं ज्वारी संशोधन केंद्र आहे. तिथं बावीस वर्षं ती एकच काम करत आली. ज्वारी निसवायला लागली, कणसं बाहेर पडू लागली, की निवडक कणसांवर कागदी पिशव्या चढवायच्या, म्हणजे शेजारच्या वाणाचा पराग बसत नाही, पाखरं शिवत नाहीत आणि बी अस्सल राहतं. आज ज्यांच्या नावामागं डॉक्टर लागतं, त्यातल्या चौघांचं तरी बी तिच्या हातानं अस्सल राहिलं. प्रबंधात तिचं नाव कुठं नाही. पिशव्यांचं आहे.

गेल्या साली केंद्रातले रणधीर सर विद्यापीठाच्या देवाणघेवाणीत तीन महिने इथिओपियाला गेले आणि तिकडून एक विद्यार्थिनी वर्षभरासाठी इकडं आली. कागदावर त्याला भलंमोठं नाव होतं. गावाला मात्र ते लगेच समजलं. "साटंलोटं केलं म्हना की," पारावर कुणीतरी म्हणालं, "आपला मास्तर दिला, त्यांची पोरगी आणली." पोरीचं नाव तिगिस्त. धुरपदाबाईनं पहिल्याच दिवशी तिची तिगी करून टाकली.

तिगी धुरपदाबाईला मावशी म्हणायची. मराठी तिच्याकडूनच शिकली, त्यामुळं साहेबांसमोरही 'न्हाय' आणि 'व्हय' म्हणायची आणि साहेब हसायचे. आपल्या देशात ज्वारीला माशिला म्हणतात, हे तिनं सांगितलं. भाकरी वेगळी, धान्य तेच. हे ऐकून धुरपदाबाईला उगीचच ती पोरगी नात्यातली वाटायला लागली.

तिगीनं येताना मूठभर माशिला आणली होती. लढाईत तिचं गाव जळालं तेव्हा आईनं बाकी सगळं टाकलं आणि घरचं बी शालीच्या टोकाला गाठ मारून उचललं. आई आता निर्वासितांच्या छावणीत होती. डोळ्यांनी तिला फारसं दिसत नव्हतं. "वाढवून आण," एवढंच सांगून तिनं ते बी एका कापडी पुरचुंडीत लेकीला दिलं होतं. बी जुनं झालेलं, त्यात सरकारी तपासणीत दोन महिने अडकलेलं. सगळं पेरलं आणि अकरा ताटं आली. जगात त्या वाणाची तेवढीच उरली होती, निदान तिगीला माहीत असलेल्या जगात.

ही गोष्ट धुरपदाबाईला समजावून सांगावी लागली नाही. तिचं साडेतीन एकर रान लग्नाच्या दुसऱ्या वर्षी धरणात गेलं. सासूनं बियाण्याचं गाडगं तेवढं पाण्याच्या वर आणलं होतं. पण रानच नाही तर बी ठेवून काय करायचं? उन्हाळ्यात घरात दाणा उरला नाही, तेव्हा सासू जात्यावर बसली आणि ते दळलं. त्या भाकरीची चव धुरपदाबाईच्या तोंडातून पस्तीस वर्षांत गेली नव्हती. म्हणून ती अकरा कणसं निसवली तेव्हा तिनं त्यांना एकेक करून, श्वास धरून पिशव्या चढवल्या आणि रोज सकाळी आधी तिकडं जाऊन मोजल्या.

मार्गशीर्ष सरत आला आणि येळवस आली. वेळ अमावस्येला आपल्या भागात गावात कुत्रं सापडत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करायची, पांडव मांडायचे, भज्जी, आंबील, उंडे, खीर, आणि दिसेल त्याला ओढून जेवायला बसवायचं. धुरपदाबाईला दर साली चार घरची आमंत्रणं असायची. पोट भरायचं. पण दुसऱ्याच्या कोपीपुढं बसून जेवणं वेगळं आणि आपली कोप बांधणं वेगळं.

"मावशी, तुमची येळवस कुठं?" तिगीनं विचारलं.

"ज्याला रान त्याला येळवस, बाय."

तिगीनं केंद्रातल्या आपल्या अकरा ताटांच्या तुकड्याकडं बोट दाखवलं. "हे तुमचं रान. इथं करा."

धुरपदाबाई त्या दिवशी पहाटेपासून चुलीपुढं होती. डोक्यावर पाटी घेऊन ती रानात आली तेव्हा तिची चाल बदलली होती. तिनं कोप बांधली, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडले, पिकाला आंबील शिंपली. तिगीनं भज्जी तीनदा मागून घेतली. तुझ्या आईचं पीक तिच्यापर्यंत धडपणे पोचू दे, असं धुरपदाबाईनं पांडवांना सांगितलं. स्वतःसाठी तिनं काही मागितलं नाही. मागायला सुचलंच नाही.

दिवस मावळायला आला की पेटता टेंभा घेऊन पिकाला फेरा घालायचा असतो, म्हणजे इडापिडा जाते. तिनं कडब्याची पेंढी पेटवली आणि निघाली. दोन बाजू नीट झाल्या. तिसऱ्या कोपऱ्यावर तेरणा नदीकडून वारा सुटला.

तिगी थांबली. "मावशी, पिशव्या."

धुरपदाबाईलाही दिसत होतं. बावीस वर्षं तिनं पिशव्यांच्या आसपास कुणाला विडी ओढू दिली नव्हती. पण पस्तीस वर्षांनी हातात आलेला टेंभा होता. "अर्धा फेरा सोडू न्हाय, बाय," ती म्हणाली. "पिकाला बाधतं."

आणि ती चालत राहिली. वीस पावलं राहिली होती.

कडब्याचं जळतं पान उडालं ते पहिल्या पिशवीवर. हिरवी ज्वारी पेटत नाही, पण वाळला कागद पेटायला किती वेळ? एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. धुरपदाबाईनं टेंभा बांधाबाहेर फेकला आणि हातांनी पिशव्या ओरबाडल्या. तळहात, बोटं भाजली. घागर रिकामी होईस्तोवर तिगी पाणी मारत राहिली. सगळं विझलं तेव्हा अकरा ताटं हिरवीगार उभी होती आणि त्यांच्या शेंड्याला काळं होतं.

दाणा अजून कोवळा, चिकात होता. चिकातला दाणा रुजत नाही, हे धुरपदाबाईला साहेबांइतकंच ठाऊक होतं. तरी तिनं ती कणसं घरी नेली, त्यातल्या त्यात बरे दाणे निवडून सुकवले, फुटक्या माठात माती भरून लावले आणि महिनाभर पाणी घातलं. काही उगवलं नाही.

रणधीर सर परत आले होते. तिनं त्यांना सरळ सांगितलं, "म्या केलं." सरांनी अहवालात अपघात लिहिला. कुणी तिला बोललं नाही. निरोपसमारंभात देवाणघेवाण यशस्वी झाल्याचं साहेबांनी सांगितलं, तिगीला प्रमाणपत्र दिलं, टाळ्या झाल्या.

जायच्या दिवशी तिगी ती रिकामी पुरचुंडी घेऊन धुरपदाबाईच्या दारात आली. "तुमच्या घरची ज्वारी द्या. मूठभर."

धुरपदाबाई कळशीतून ज्वारी काढता काढता थांबली. तिची सासू अंधारात हात घालून दहा ज्वाऱ्यांतून आपली ओळखायची. "तुझी आई वळखंल की गं. हात घातला की वळखंल."

"व्हय."

"मग कशाला नेतीस?"

"रिकामी कशी देऊ, मावशी?"

धुरपदाबाईनं मूठ भरली, पुरचुंडीत ओतली. बोटांची कातडी अजून नवी होती, गाठ मारताना दुखली. "आईला खरं सांग," ती म्हणाली. "धुरपदा म्हनून बाई होती, तिनं जाळलं म्हनून सांग."

तिगीनं नकाराची मान हलवली. पुरचुंडी दोन्ही हातांत धरली. "धुरपदामावशीनं दिलं, असं सांगीन."

केंद्राची जीप तिला घेऊन गेली. धुरपदाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. पोरीनं दोन शिव्या दिल्या असत्या, तर तिला त्या दिवशी उठून दोन घास खाता आले असते.