पंजाबरावांची वरची मूठ

बीबी गावच्या धान्यबाजारात छत्तीस वर्षे मापारी म्हणून उभे राहिलेल्या पंजाबरावांचा उजवा हात त्यांच्याच खांद्याला जोडलेला असला, तरी त्यावर अधिकार साऱ्या गावाचा होता. कोणाच्या घरी मूल जन्मले, की दुपट्यात गुंडाळून ते आधी पंजाबरावांच्या तळहातावर ठेवले जाई. ते डोळे मिटत, श्वास रोखत आणि “अडीचले थोडं कमी” असा निर्णय देत. दवाखान्यातला काटा त्यानंतर काय म्हणतो, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नसे. बाजारात इलेक्ट्रॉनिक काटा आला, तेव्हा त्याच्या शेजारी उभे राहून, आकडा उमटण्यापूर्वीच तो उच्चारण्याचे व्रत त्यांनी निवृत्तीपर्यंत नऊ वर्षे पाळले. त्या नऊ वर्षांत यंत्राचा आणि त्यांचा मतभेद एकदाच झाला, आणि त्या दिवशी यंत्राची बॅटरी उतरलेली होती.

या हाताला एक धर्म होता. माप पुरे झाले, की पंजाबराव धान्याची एक मूठ वर टाकीत. समेवर येऊन थांबलेले माप हे कृपणाचे माप, असे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवले होते. ही वरची मूठ गिऱ्हाइकाची. ती वजनात धरायची नाही, आणि एकदा टाकली, की कोणत्याही कारणाने परत घ्यायची नाही. जे दिले ते आपले उरले नाही, आणि जे आपले नाही ते उचलणे म्हणजे अदत्तादान. रोज सकाळी वंदनेत पंचशील म्हणताना दुसऱ्या, न दिलेले न घेण्याच्या शीलापाशी पंजाबरावांचा स्वर किंचित उंचावतो, तो या मुठीच्या स्मरणाने, असे मला नेहमी वाटत आले आहे.

त्यांच्या पत्नी चांगुणाबाई यांचे मत निराळे होते, आणि त्याला कारणही होते. त्यांचा महिला बचत गट तुरीची डाळ तयार करून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्यांत विकतो. पुडे भरण्याचे काम यांच्याच ओसरीवर चालते आणि वजन अर्थातच पंजाबरावांच्या हाताने होते. प्रत्येक पुड्यावर एक मूठ वर जाई. गटाच्या अध्यक्ष केसरबाई यांनी एक छोटा काटा आणण्याचा प्रस्ताव तीनदा मांडला, आणि पंजाबरावांनी तो तीनदा एकाच वाक्याने फेटाळला. माझ्या जिवंतपणी या घरात काटा येणार नाही, हे ते वाक्य.

अशा स्थितीत त्यांचा मुलगा संघपाल, जो नागपुरात नोकरी करतो, त्याने आईवडिलांच्या विवाहाच्या चाळिसाव्या वर्षानिमित्त अकरा दिवसांचा प्रवास ठरवला. नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून वाराणसी, तेथून सारनाथ पाहून कोलकाता आणि मग पुन्हा नागपूर. सारे विमानाने. एका माणसाला पंधरा किलो सामान, दोघांचे मिळून तीस. त्याने बॅग टांगून वजन दाखवणारा एक लहानसा काटाही पाठवला होता. पंजाबरावांनी तो न्याहाळला आणि खुंटीला अडकवून ठेवला. मुलाने वडिलांना चष्मा पाठवावा आणि वडिलांची दृष्टी निर्दोष असावी, तसा तो प्रकार होता.

चांगुणाबाईंनी ही संधी ओळखली. केसरबाईंना साक्षीला ठेवून करार झाला. या प्रवासात कोठल्याही विमानतळावर पंजाबरावांचा हात चुकला, तर घरात डाळीसाठी काटा येईल. नाही चुकला, तर चांगुणाबाई आणि सारा गट काट्याचे नाव पुन्हा काढणार नाही.

दोन्ही बॅगा पंजाबरावांनी स्वतः भरल्या. उचलल्या, डोळे मिटले, “पंधरा” म्हणाले, दुसरीबद्दलही “पंधरा” म्हणाले. आणि दोन्हींच्या बाहेरच्या कप्प्यात, जवळच्या पिशवीतून, भाजलेल्या शेंगदाण्यांची एकेक मूठ टाकली. पोत्याचे तोंड बांधताना मूठ टाकल्यावाचून त्यांच्या बोटांना गाठ मारताच येत नाही.

प्रवासात त्यांनी एक अपूर्व शासन लागू केले. बॅगेतून जेवढे वजन पोटात जाईल, तेवढेच वजन बाजारातून बॅगेत येईल. दिल्लीत चांगुणाबाईंना एक पितळी दिवा आवडला. पंजाबरावांनी तो हातावर घेतला, “चारशे” म्हणाले, आणि आधी चारशे ग्रॅम दशम्या संपवाव्या लागतील, असे सुचवले. बाईंनी दोन दिवस न्याहारीला, जेवणाला आणि मधल्या वेळेलाही दशम्याच खाल्ल्या आणि दिवा मिळवला. वाराणसीत एक साडी पसंत पडली, तिच्यासाठी जवसाच्या चटणीचा डबा दोघांनी मिळून रिकामा केला. त्या रेशमी साडीचे मोल चटणीने डोळ्यांतून पाणी काढून वसूल केले, असे बाई आजही सांगतात. मात्र प्रत्येक मुक्कामी बॅगा उघडल्या गेल्या, मिटल्या गेल्या, आणि मिटताना एकेक मूठ पुन्हा वर पडली.

नागपूरच्या आणि दिल्लीच्या विमानतळावर कोणी काही बोलले नाही. बॅगांना पट्ट्या लागल्या आणि त्या सरकत्या पट्ट्यावरून आत गेल्या. दोन्ही वेळा पंजाबरावांनी यंत्राकडे पाठ केली होती. ज्याला उत्तर ठाऊक आहे, त्याने परीक्षकाच्या तोंडाकडे पाहू नये, हा त्यांचा शिष्टाचार.

वाराणसीहून कोलकात्याला जाण्याचा दिवस उजाडला, तो सारनाथच्या दर्शनाने तृप्त असा. दोघे वेळेच्या तीन तास आधी विमानतळावर हजर झाले. रांगेत त्यांचा क्रमांक आला, बॅगा यंत्रावर चढल्या, आणि काउंटरवरच्या तरुणीने पडद्याकडे दोनदा पाहिले. तिला नवल वाटले ते असे, की दोन्ही बॅगांचे वजन तंतोतंत सारखे होते. पंधरा किलो तीनशे, आणि पंधरा किलो तीनशे. तिने मृदू हिंदीत सांगितले, की विमान भरलेले आहे, आज सवलत नाही. सहाशे ग्रॅम काढा किंवा जादा शुल्क भरा.

चांगुणाबाईंनी पदर सावरला. चाळीस वर्षांच्या संसारात असा क्षण त्यांच्या वाट्याला प्रथमच आला होता.

“आता बोला, संघपालचे बाबा,” त्या म्हणाल्या.

“काय बोलू? तीसच हायेत.”

“मंग हे सहाशे कोनाचे?”

“ते मुठीचे. मूठ मापात येत नाई.”

“मापात नाई येत, पन विमानात त येते न?”

मागच्या रांगेत कोणाला मराठी कळत असावे, कारण कोणीतरी हसले. पंजाबरावांनी तरुणीला वरच्या मुठीचे तत्त्व हिंदीत समजावून देण्याचा प्रयत्न केला. ती शांतपणे ऐकत राहिली आणि शेवटी एवढेच म्हणाली, की काकाजी, मग त्या मुठी काढून घ्या, मी पुन्हा वजन करते.

तिने हा उपाय अगदी सहज सुचवला. आपण वृद्ध गृहस्थाला धर्मसंकटाच्या दोन्ही शिंगांवर एकदम बसवले आहे, याची त्या लेकराला कल्पना नव्हती. मुठी काढल्या नाहीत, तर यंत्राच्या साक्षीने हात खोटा ठरतो. काढल्या, तर हात खरा ठरतो, पण ज्या हाताने छत्तीस वर्षांत दिलेली मूठ परत घेतली नाही, तोच हात ती घेतो. तीही कोठे, तर सारनाथहून परतताना, दुसरे शील ओठांवर ताजे असताना.

पंजाबराव बॅगा घेऊन बाजूला झाले आणि एका बॅगेवर बसले. तेवढ्यात संघपालचा फोन आला. सामान गेले का, असे त्याने विचारले. वडिलांनी “होऊन राह्यलं” एवढेच सांगितले आणि जयभीम म्हणून फोन ठेवला. काउंटर बंद होण्यास वेळ होता, पण फार नव्हता.

आता चांगुणाबाईंना काहीही करायचे नव्हते. नुसते उभे राहायचे होते. शुल्क भरले गेले असते, हात चुकला असे ठरले असते, आणि केसरबाईंचा काटा वाजतगाजत ओसरीवर आला असता. त्या उभ्या राहिल्याही. पण बॅगेवर बसलेल्या माणसाकडे पाहता पाहता त्यांना ते सोसेना. त्यांनी मला नंतर सांगितले, “मले जितायचंच व्हतं हो. पन तो मानूस असा बसला, जसं कोनी त्याचा हातच काढून घेतला.”

त्या पुढे झाल्या.

“परत घ्यायची नाई न मूठ? मंग घेऊ नका. देऊन टाका कोनाले.”

पंजाबरावांनी वर पाहिले. वाट त्यांना दिसली, आणि ती कोणी दाखवली हेही दिसले. बॅगेचा कप्पा उघडून त्यांनी मूठ भरली आणि रांगेतल्या पहिल्या माणसापुढे, एका धोतर नेसलेल्या वृद्ध गृहस्थांपुढे धरली.

त्या गृहस्थांनी क्षणाचाही विचार न करता उजव्या तळहाताखाली डावा हात धरून पसा पुढे केला, शेंगदाणे कपाळाला लावले आणि तोंडात टाकले. वाराणसी ही अशी नगरी आहे, की तेथे पांढऱ्या केसांचा माणूस गंभीर मुद्रेने मूठ पुढे करू लागला, तर ती कसली, हे विचारण्याची रीत नाही. दुसरी मूठ एका नवविवाहित जोडप्याने वाटून घेतली. तिसरीपर्यंत शेजारच्या रांगेतून हात येऊ लागले. एका बाईंनी पर्समधून कागद काढून घरच्यांसाठी चार दाणे पुडीत बांधून घेतले. एका तरुणाने वाकून पंजाबरावांच्या पायांना हात लावला आणि हा प्रसाद कोणत्या मंदिराचा, असे विचारले. पंजाबराव संकोचून मागे सरले आणि त्यांनी प्रामाणिकपणे खुलासा केला, “मंदिराचा नाई बाबू, बीबी का है। घर का।” तरुणाने ‘बीबी का’ एवढे ऐकले, चांगुणाबाईंकडे आदराने पाहिले आणि त्यांच्याही पाया पडला.

सहा मुठी गेल्या. सुरक्षेचा एक जवान संशयाने जवळ आला होता, तोही चार दाणे चघळत परत गेला. बॅगा पुन्हा यंत्रावर चढल्या. या वेळी पंजाबरावांनी पाठ केली नाही.

पंधरा शून्य. पंधरा शून्य.

काउंटरवरच्या तरुणीने मान वर करून त्या हाताकडे पाहिले. मग संकोचत विचारले, की एखादा दाणा उरला आहे का. नव्हता. पिशवीतून द्यावा, तर तो वरच्या मुठीतला ठरला नसता. पंजाबरावांनी तिला पिशवीतली एक नवी मूठ दिली आणि ही तुझीच, असे बजावले.

अशा रीतीने हात निर्दोष सिद्ध झाला. कोलकात्याहून परतीचे एकच वजन उरले होते, पण करार त्यांच्या बाजूने पूर्ण झाल्यातच जमा होता. विमानात चांगुणाबाई खिडकीपाशी बसल्या. त्या रुसल्या नव्हत्या. त्यांनी पट्टा बांधला, ढग पाहिले, पाणी मागून घेतले, पण काट्याविषयी चकार शब्द काढला नाही. कराराप्रमाणे तो काढायचा नव्हताच. पंजाबरावांनी दोनदा खाकरून पाहिले. विजय साजरा करायला समोर प्रतिपक्ष लागतो, आणि त्यांचा प्रतिपक्ष खाली दिसणाऱ्या नदीचे पात्र मोजण्यात गुंतला होता. सहा मुठी, सहाशे ग्रॅम. म्हणजे एक मूठ शंभराची. हे गणित त्यांच्या मनात आपोआप झाले आणि मग थांबेना. अर्ध्या किलोचा एक पुडा, त्यावर शंभर. पाच पुड्यांमागे एक पुडा डाळ. गटातल्या अकरा बायका पहाटे उठून भिजवतात, वाळवतात, जात्यावर भरडतात, आणि ती पाचातली एक मूठ देतो कोण, तर ते. दान त्यांचे आणि डाळ बायकांची. आजवर ही मूठ कोणी तोलली नव्हती, कारण वजनात न धरण्याचा नियम त्यांचाच होता. आपले नसलेले आपण इतकी वर्षे देत आलो, हा विचार विमान खाली उतरू लागले त्याच सुमारास त्यांच्या मनात उतरला, आणि त्यांनी आपला उजवा तळहात मांडीवर पालथा घातला.

कोलकात्याच्या विमानतळावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी दोघे उभे राहिले. बॅगा अजून आल्या नव्हत्या.

“काटा घेऊ,” पंजाबराव म्हणाले.

चांगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. “काऊन? तुमी त जितले.”

“जितलो म्हनूनच. हारलो असतो, त म्या मेल्यावरच आला असता तो घरात.”

चांगुणाबाईंना हसू आले, पण त्यांनी ते आवरले. वाटाघाटीत लवकर हसू नये, हे त्या गटाच्या बैठकांत शिकल्या होत्या.

“आन मूठ?”

“मूठ राहीन.”

“मूठ राहीन त काटा कायले?”

या मुद्द्यावर दोघांमध्ये गंभीर चर्चा सुरू झाली. दरम्यान त्यांच्या बॅगा आल्या, समोरून गेल्या आणि वळणाआड दिसेनाशा झाल्या. पंजाबरावांचे म्हणणे असे, की समेवर थांबलेला पुडा ते गिऱ्हाइकाच्या हातात देऊ शकणार नाहीत, त्यांचा हात लुळा पडेल. बाईंचे म्हणणे असे, की डाळ त्यांच्या वावरातली नाही. बॅगा दुसऱ्यांदा आल्या आणि गेल्या. अखेर चांगुणाबाईंनी तोड काढली.

“राहू द्या मूठ. पन ते माही. माह्या हातानं.”

आणि त्यांनी आपली मूठ मिटून पुढे केली. चांगुणाबाई ठेंगण्या, त्यांच्या बांगड्याही लहान मुलीच्या मापाच्या. पंजाबरावांनी, भोवती एवढे अनोळखी लोक असताना, ती मूठ आपल्या तळहातावर घेतली, डोळे मिटले आणि श्वास रोखला.

“पस्तीस ग्राम,” ते म्हणाले. “लई कमी हाय.”

“पुरे हाय.”

त्यांनी हात सोडला नाही. अजून थोडा वेळ ते तोलतच राहिले, जणू या एकाच वजनाबद्दल त्यांची पूर्ण खात्री पटली नव्हती. बॅगा तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा शेजारच्या एका गृहस्थाने, या कोणाच्या, असे विचारले.

“आमच्याच,” चांगुणाबाई म्हणाल्या. “जाऊ द्या अजून एक फेरा.”