बर्फ पाहायला निघालेली मंडळी

चहा निवायच्या आत सांगून टाकतो. तुम्ही कोणाकडून तरी ऐकणारच, आणि तो मीठमसाला लावून सांगणार. त्यापेक्षा माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी. हसा, पण जरा बेतानं. इतकी वर्षं झाली तरी ती दुपार आठवली की माझे कान अजून गरम होतात.

मी तेव्हा नंदुरबारला मराठी शाळेत मास्तर होतो. घर मूळचं रनाळ्याचं, शेतकऱ्याचं. आमच्या घराण्यात पहिला मीच शिकलेला, त्यामुळे शुद्ध बोलण्याचा मला फार अभिमान. घरी आई म्हणायची, "मास्तर व्हयना तवपासून हाऊ घरमा बी पुस्तकनामायक बोलस." मला ते कौतुक वाटायचं.

तर एका हिवाळ्यात बातमी आली की तोरणमाळला पाणी गोठून बर्फ होतो. आता सांगा, आम्ही तापीकाठची माणसं. उन्हाळ्यात भाजून निघणारी. बर्फ म्हणजे कोणा श्रीमंताच्या लग्नात लाकडाच्या भुशात गुंडाळून आलेला, तोही लांबून पाहिलेला. मी त्याच दिवशी मित्रांना गोळा केलं आणि म्हटलं, "आपण तोरणमाळला जायचं. बर्फ पाहायचा."

सगळे हो म्हणाले. हो म्हणायला काय जातं?

दगडू पाटील माझा रनाळ्याचा बालमित्र. बैलगाडी त्याची. तो म्हणाला, कापसाची वेचणी होऊ दे. वेचणी झाली तर बैलाच्या खुराला लागलं. खूर बरा झाला तर त्याच्या सासुरवाडीला बारसं निघालं. दुसरा मगन, तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. त्याची अट एकच, सोबत तूप, पीठ आणि भांडी त्याच्या घरची हवीत. भांडी इतकी की गाडीत आम्ही बसायचं कुठे हा प्रश्न. तिसरा काशिनाथ, कचेरीत कारकून. त्याला थंडी बाधायची. थंडी पाहायला निघालेल्या माणसाला थंडी बाधते, यावर मी काय बोलणार? एकाला वेळ असला की दुसऱ्याला नसे. दुसऱ्याला जमवावं तर काशिनाथला रजा नाही. मी रोज संध्याकाळी तिघांच्या दारात जाऊन हात जोडत होतो. शाळेतली पोरं मला इतकं छळत नव्हती.

शेवटी कसाबसा एक दिवस ठरला. मग दगडूनं एक सोय सुचवली. डोंगराच्या पायथ्याला त्याच्या ओळखीचे सुपडूआप्पा पाटील राहत. आमच्याच जातीतले, बरी शेती असलेले. कापूस विकायला ते नंदुरबारला यायचे. एकदा बाजारात माझीही भेट झाली होती. त्यांनी माझी चांगली चौकशी केली होती. "कोना घरना? कोठे नोकरी शे? लगीन व्हयनं का?" मी म्हटलं, अजून नाही. "मंग या कधी आमना गावले," असं म्हणून ते गेले. मला माणूस फार अगत्याचा वाटला. यात वेगळं काही असेल, असं तुम्हाला वाटलं असतं का? असतं? मला नाही वाटलं.

दगडू म्हणाला, "बैलं त्यासनाकडे बांधूत, चहा पिऊत, न मंग वर चढूत. मी निरोप धाडस."

मी म्हटलं, "तू नको. मी धाडतो. निरोप नीट गेला पाहिजे."

शहाद्याकडे जाणारा एक ओळखीचा व्यापारी गाठला आणि त्याला अगदी शुद्ध मराठीत सांगितलं, "सुपडूआप्पांना म्हणावं, येत्या शनिवारी मास्तर आणि त्यांची स्नेही मंडळी पाहावयास येत आहेत. आपण कसलीही तोशीस घेऊ नये."

काय पाहावयास, ते सांगायचं मी विसरलो. आणि व्यापाऱ्याच्या लक्षात तेवढंच राहिलं, मास्तर आणि मंडळी पाहायला येत आहेत.

प्रकाशाला तापी ओलांडून आम्ही शहाद्याला धर्मशाळेत मुक्काम केला आणि शनिवारी दुपारी सुपडूआप्पांच्या गावात शिरलो. आप्पा वेशीपर्यंत सामोरे आले होते. डोक्याला नवा फेटा. मागे त्यांचे दोन भाऊ. अंगण सारवलेलं, ओसरीवर सतरंजी, दारात पाय धुवायला गरम पाणी. मी काशिनाथला हळूच म्हटलं, "पाहिलंस? शिक्षकाला खेड्यात अजून मान आहे."

बसलो. पोहे आले, लाडू आले. मगननं भांडी गाडीतच ठेवून खायला सुरुवात केली.

आप्पा म्हणाले, "मास्तर, भलत्या लांबथून उनात. आधी कोठे पाहं का?"

"पाहिलं ना," मी म्हणालो. मला वाटलं, थंड हवेच्या डोंगरांबद्दल विचारतायत. "गेल्या वर्षी दोन ठिकाणी जाऊन आलो. पण मन भरलं नाही."

आप्पांच्या भावांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मंग आठे मन भरी अशी आशा शे ना?"

"ऐकून तर फार आहे. म्हणतात, एकदा पाहिलं की माणूस जन्मभर विसरत नाही."

आप्पा खूश झाले. मी आणखी रंगात आलो. "आज आम्ही पाहून जातो. आवडलं तर पुढच्या खेपेला घरच्या बायकांनाही घेऊन येतो."

"बरोबर शे," आप्पा म्हणाले. "बायासनी बी पाहाले पाहिजे."

एवढ्यात दगडूचा हात ताटातच थांबला. त्यानं माझ्या मांडीला चिमटा काढला. मला वाटलं, लाडू आणखी हवाय. मी माझा लाडू त्याच्या ताटात टाकला.

मग आतून एक मुलगी चहा घेऊन आली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. हिरवं लुगडं, मान खाली. तिनं चहा दिला आणि समोर पाटावर बसली. दाराआड बायकांच्या बांगड्या वाजल्या.

तुम्ही म्हणाल, आता तरी कळायला हवं होतं. कळलंही असतं. पण आप्पा म्हणाले, "मन्ही पोर शे, यमुना. चौथीलगून शिकेल शे. काई बी इचारा."

शिकेल शे हे शब्द कानावर पडले आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मला वाटलं, मुलीला पुढं शिकवावं की नाही, यासाठी आप्पांना माझं मत हवंय. केवढी प्रगत विचारांची माणसं, म्हणून मला भरून आलं. मी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "उभी राहा."

ती उभी राहिली.

"तापीला मिळणाऱ्या नद्या सांग. आवाज मोठा."

तिनं एकदा बापाकडे पाहिलं आणि सांगायला लागली. बुराई, पांझरा, गिरणा.

"आणखी?"

तिला आठवेना.

"गोमाई. घराजवळची माणसं आपल्याला आधी आठवली पाहिजेत, तशा नद्याही. बरं, औटकी म्हण."

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर हात वर करा. तिनं अर्ध्यापर्यंत म्हटली आणि अडली. मी मान हलवली. दगडू चिमटे काढून थकला होता आणि आता डोळे मिटून बसला होता. काशिनाथनं मफलर तोंडावर ओढून घेतला होता. मला वाटलं, थंडी.

"बस खाली," मी म्हटलं आणि आप्पांकडे वळलो. "बुद्धी चांगली आहे. थोडी कच्ची राहिलीय, पण कोणी मेहनत घेतली तर तयार होईल."

"मंग पास समजू ना?" आप्पांनी विचारलं.

"पास," मी म्हटलं.

आतून कोणीतरी बाई हसली. आप्पांनी दोन्ही हात जोडून वर पाहिलं. एक भाऊ लगबगीनं आत गेला आणि नारळ, कुंकू आणि साखरेची वाटी घेऊन आला. माझ्या कपाळाला कुंकू लागलं, हातात नारळ पडला.

मी गहिवरून म्हटलं, "आप्पा, हा नारळ मी वर गेल्यावर देवापुढे फोडीन."

"वर? वर कोठे?"

"तोरणमाळला. बर्फ पाहायला निघालोय ना आम्ही."

सुपडूआप्पांच्या हातातली साखर हातातच राहिली. मगन चावायचा थांबला, तेव्हा मला काहीतरी मोठं चुकल्याचं पहिल्यांदा जाणवलं.

दाराआडून आप्पांची म्हातारी आई पुढे आली. माझ्याजवळ येऊन तिनं शांतपणे विचारलं, "बाप्पा, तू बर्फ पाहाले उना व्हता, तर मन्ही नात कसाले उभी करी?"

मी सगळ्यांची तोंडं पाहिली. नवा फेटा पाहिला, सारवलेलं अंगण पाहिलं, कुंपणापाशी जमलेले शेजारी पाहिले. आणि मग ते सगळं उलगडलं. यमुना पाटावर तशीच बसली होती, मान खाली घालून. मी तिला गावासमोर उभी करून पाढा विचारला होता. कच्ची म्हणालो होतो.

देवा, त्या क्षणी तापीच्या पुरानं मला वाहून नेलं असतं तर मी तरंगायचासुद्धा प्रयत्न केला नसता.

मी उठलो, हात जोडले. काय बोललो ते धड आठवत नाही. पण माझं शुद्ध मराठी त्या वेळी कुठल्या कुठे पळालं. "आप्पा, मन्ही चूक व्हयनी. मले माफ करा." आणि मग घाबरून, त्यांची अब्रू राखायला बोलून बसलो, "तुम्हना हुकूम व्हई तर मी तयार शे. मन्हं लगीन व्हयेल नही."

दगडूनं डोळे उघडले. आप्पांनी हातातली साखर वाटीत परत ठेवली. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "पोरले इचारी येस."

यमुना केव्हाच आत गेली होती. आप्पा तिच्यामागे गेले. आम्ही चौघं ओसरीवर बसून राहिलो. दारातून तिचा आवाज आला. औटकी म्हणताना होता त्यापेक्षा बराच मोठा होता.

आप्पा बाहेर आले. "पोर नही म्हनस."

मी मान डोलावली.

"म्हनस, आपण कोठे उनूत हाईच ज्याले समजत नही, त्यानासंगे मी कोठे जाऊ?"

मी नारळ पाटावर ठेवला आणि उठलो.

आप्पांचा मोठेपणा असा की बैल त्यांनी तरीही गोठ्यात बांधून घेतले. आम्ही वर गेलो. तळ्याचं पाणी गार होतं, पण पाणीच होतं. बर्फ नव्हता. मगननं बोट बुडवून खात्री केली. परतताना काशिनाथ अधूनमधून मफलरात हसायचा.

पुढच्या वैशाखात दगडू शाळेत आला. म्हणाला, यमुनाचं लग्न ठरलंय, मुलगा शहाद्याकडचा, आणि आप्पांनी आम्हा चौघांनाही बोलावलंय. मी जाणार नव्हतो. पण न जाणं म्हणजे दुसरा अपमान, म्हणून गेलो. मांडवाच्या मागच्या टोकाला, खांबाआड, मान खाली घालून जेवायला बसलो. वाटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही.

जेवण आटोपल्यावर नवरदेव पाहुण्यांना भेटत भेटत नेमका माझ्यापाशी आला. चांगला उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा माणूस.

"तुम्हीच का ते मास्तर?"

मी म्हटलं, "हो."

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी गडबडलो. म्हटलं, "अहो, हे काय? माझ्या पाया कशासाठी पडता?"

"तुम्हना भलता उपकार शे," तो अगदी मनापासून म्हणाला. "मी तुम्हना नंतर पाहाले उनू, म्हनीसन पसंत पडनू."