पोटातल्याचा वाटा

कुळथाची पिठी आणि भात जेवून मी पडवीत चटई टाकून आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय अशी वेळ आहे. एक कान अजून जागा आहे, परसातल्या कोंबड्या ऐकतोय. दुसरा केव्हाच झोपला. चार वाजता शाळेत सभा आहे आणि तिथे मला बोलायचंय. काय बोलणार ते मी कुणाला सांगितलेलं नाही, पण माझं पक्कं ठरलंय. मी उभी राहणार आणि म्हणणार, मारा. एकूण एक मारा.

रानडुकरं मारायला गावाला परवाना द्यावा की देऊ नये, हे विचारायला सरकारची समिती येतेय. त्यापायी सकाळपासून दोन पार्ट्या माझ्या दारात येऊन गेल्या. आधी सरपंच दिगंबर आला. म्हणाला, "काकी, तात्यांसारखे शिकारी होते म्हणून आपलं रान टिकलं. गाभण मादी मारायची नाही, विणीच्या दिवसांत बंदूक उचलायची नाही, हे नियम कुणाचे? शिकाऱ्यांचेच ना? एवढंच सांगा सभेत." तो चहा पिऊन गेला तशी इरा आली. ही पुण्याची पोरगी, जनावरांचा अभ्यास करते, अन् शेवटची काही वर्षं तात्यांच्या मागे मागे फिरून सगळं विचारून घ्यायची. तिचं म्हणणं दुसरंच. "आजी, तात्यांनी बंदूक का टेकली ते सांगा. ती डुकरीण आणि तिची पिल्लं. लोक ऐकतील तुमचं."

तात्या म्हणजे आमचे हे. वारले त्याला दोन पावसाळे झाले. त्यांचं नाव मी अजूनही घेत नाही. ते तरी शिकारीला निघाले की डुकराला डुक्कर कुठे म्हणायचे? 'जनावर' म्हणायचे. ज्याचा धाक असतो त्याचं नाव घेऊ नये.

आता त्या डुकरिणीची गोष्ट सांगते, कारण माझं सगळं जळणं तिच्यापाशीच आहे. अख्खा तालुका ती गोष्ट सांगतो. रानात हाका उठलाय, माणसं आरडाओरड करून जनावर पुढे काढतायत, हे झाडाआड बंदूक धरून बसलेत. समोर डुकरीण येते, मागे पिल्लांची रांग. ती ह्यांच्या डोळ्यांत बघते. हे बंदूक खाली ठेवतात, ती जन्मात पुन्हा उचलत नाहीत. इराने हे पेपरात लिहिलं तेव्हा लोकांना रडू आलं म्हणे. मला नाही आलं. कारण तो दिवस मला चांगला ठाऊक आहे. त्याच सकाळी माझं चौथ्या महिन्याचं पोट पडलं होतं. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि माझे घरधनी रानात दुसरीची पिल्लं बघून विरघळत होते! माझ्यासाठी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही त्यांनी. पुढे आम्हाला मूल झालं नाही.

बरं, तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. ती मेली दर वर्षी माझ्याच शेतात यायची. भात पिकायला लागलं की हजर. हे शेतातल्या राखणीच्या माळ्यावर बसून डबा वाजवायचे आणि कसे म्हणायचे, ठाऊक आहे? "पुरे आता बाय, जा घरी." बाय! एवढ्या वर्षांच्या संसारात मला कधी लाडानं बाय म्हटलं नाही हो. मला आपलं 'अगो'. सवत माणसाची असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. हिचं मी काय करू?

कोंबड्या गप्प होतात. कुणीतरी पडवीची पायरी चढतं.

"अगो, वाढ काहीतरी."

मी दचकत नाही. हे खांबाला टेकून बसलेत, पोटऱ्यांपर्यंत चिखल आहे.

"पिठी संपली," मी म्हणते. "मेल्यावरसुद्धा जेवायची वेळ बरी सापडते तुम्हाला."

"तुझी जीभ काही मऊ झाली नाही."

"कुठून आलात?"

"बांधावरून."

"तिला भेटून?"

"कुणाला?"

"तुमच्या बायला."

हे हसतात. सगळे दात जागेवर आहेत. जाताना एकही नव्हता.

त्यांना बसायला द्यावी म्हणून मी चटई ओढते, तर ती ओढली जात नाही. खाली भात आहे. पिवळं, जड झालेलं भात. आम्ही दोघं माळ्यावर आहोत. हे मला माळ्यावर कधी चढू द्यायचे नाहीत, "बाईमाणसाला कशाला?" म्हणायचे, आणि आता मी त्यांच्या शेजारी पाय सोडून बसलेय. लख्ख ऊन पडलंय. वरून सगळं दिसतं: आमचं शेत, कडेचा ओहोळ, बांधावरचा साग. मला वाटतं, ह्यांना रोज एवढं दिसायचं आणि मला घरी येऊन फक्त "नासाडी झाली" एवढंच सांगायचे.

भातात एक रेघ हलते. "आली," मी म्हणते. "वाजवा की डबा."

"तू वाजव."

मी डबा घेते, वाजवते, तर शाळेची घंटा वाजते. आम्ही शाळेत आहोत. बाकं भरलीत. पहिल्या खुर्चीत डुकरीण बसलीय, एक कान फाटलेला, मुसकटाला माझ्या भाताची लोंबी चिकटलेली. दिगंबर तिला शाल घालतोय. इरा डोळे पुसतेय. माईकवरून कुणीतरी म्हणतंय, "तात्यांच्या आयुष्यातली हीच खरी सोबतीण," आणि टाळ्या वाजतायत. मला बसायला खुर्ची नाही. मी दारात उभी आहे, अंगाचा नुसता तिळपापड होतोय. माझं शेत खाल्लं, माझा माणूस खाल्ला, आता माझी शालसुद्धा खातेय!

समितीतला चष्मेवाला विचारतो, "बाई, त्या दिवशी तात्यांनी बंदूक का टेकली, ते सांगता का?"

डुकरीण लोंबी चावते. मग सरळ माझ्याकडे बघते.

"मला कशाला विचारता?" ती म्हणते. "मी त्या दिवशी तिथे नव्हतेच."

मी ह्यांच्याकडे वळते. हे खाली मान घालून पायाचा चिखल खरवडतायत.

"काय म्हणतेय ती?"

"खरं म्हणतेय."

"मग कोण होती?"

"कुणी नव्हती गो. एक नर होता, मोठा. मी मारला त्याला."

बाकं आता बाकं नाहीत. सागाची पानं आहेत, जमिनीवर ओळीनं मांडलेली, दर पानावर मटणाचा वाटा. गावदेवीसमोरचं मोकळं अंगण हे, शिकारीचे वाटे इथेच व्हायचे. मी बाईमाणूस, वाटे होताना इथे कधी आले नव्हते, पण रीत कुणाला ठाऊक नाही? देवीचं एक पान. दर घराला एक पान. रानात धावलेल्या कुत्र्यांचं एक पान. आणि ज्याच्या घरात बाई पोटुशी असेल त्याला दोन पानं. ते दुसरं पान पोटातल्याचं. पण ते देवीसमोर तोंडानं मागावं लागतं, आणि नसलेल्याचा वाटा जो मागेल त्याची बंदूक बाटते. बाटली ती बाटली, पुन्हा उचलायची नाही.

"दोन पानं कुणाची?" वाटे घालणारा म्हातारा विचारतो.

"माझी!"

हे ओरडतात. तरुण आहेत, केस काळेभोर, शर्टाला रक्त. माणसं त्यांच्या पाठीत गुद्दे घालतायत. "काय रे तात्या, आम्हाला पत्ताच नाही!" "लबाडा, पेढे कुठे आहेत?" आणि हे हसतायत, तोंड दोन्ही कानांपर्यंत पसरलंय. एवढे खूश मी ह्यांना कधी पाहिले नाहीत. ते हसणं माझं होतं, आणि मिळालं ह्या सगळ्या बाप्यांना. मला त्यांचासुद्धा हेवा वाटतो.

"अहो, नका मागू," मी हाक मारते. "सकाळीच गेलं. अहो, ऐका!" आवाजच फुटत नाही.

"मला ठाऊक नव्हतं," माझ्या शेजारून म्हातारे हे म्हणतात. "पहाटेच निघालेलो मी. दोन्ही पानं धरून दारापर्यंत आलो. उंबऱ्यात सुईण बसलेली. तिनं नुसती मान हलवली."

"मग?"

"मग मागे फिरलो. एक पान कुत्र्यांना घातलं."

"आणि दुसरं?"

हे तळव्यानं जमीन चाचपतात.

"ते कुत्र्यांना कसं घालणार? ते त्याचं होतं."

अंगण आता बांध झालाय, सागाच्या बुडाशी आम्ही दोघं उकिडवे बसलोय.

"इथे ठेवलं," हे म्हणतात. "वर माती लोटली."

हाच साग. घराला दार करायचं होतं तेव्हा मी किती भांडले होते, की घरचं झाड तोडा, विकत कशाला आणता लाकूड? ह्यांनी हात लावू दिला नव्हता. संध्याकाळी हे इथेच येऊन बसायचे. मी चुलीपाशी जळत बसायची, की बघा, बायची वाट बघतायत.

"आणि ती गोष्ट?" मी विचारते. "तिनं डोळ्यांत बघितलं, पिल्लांची रांग, ते सगळं?"

"लोक विचारायचे ना, तात्या, बंदूक का टेकली? काय सांगू? नसलेल्याचा वाटा मागितला म्हणून? मग तुझ्या पोटाच्या गजाली गावभर झाल्या असत्या. डुकरिणीच्या झाल्या. तिचं काय जातं?"

"ते पेपरात छापून आलं हो!"

"पोरगी सारखी विचारायची. गोष्ट थोडी वाढली."

"मला तरी सांगायचंत."

"तू भिंतीकडे तोंड केलं होतंस."

"मग फिरवायचंत!" मी ओरडते. "धरून फिरवायचं माझं तोंड! हात मोडले होते?"

"घाबरलो गो."

वाघाला न भ्यालेला माणूस. मला रडू येतंय आणि रागही येतोय, दोन्ही एकदम.

"इतकी वर्षं मी एका डुकरिणीवर जळत राहिले. तोंडाला पानं पुसलीत माझ्या."

"एक जपून ठेवलंय की," हे म्हणतात, आणि माती उकरतात.

"आणि मला कधी बाय का नाही म्हटलंत?"

"सांगितलं की ती ऐकायची. तू कधी ऐकलंस माझं?"

मी त्यांच्या दंडावर एक चापट मारते. दंड ओला आहे, गार आहे. मग मला सभा आठवते.

"दिगंबर म्हणतो तुम्ही त्याच्या बाजूचे. इरा म्हणते तिच्या. मी काय सांगू? मारू द्यावीत की नाही?"

"मला कशाला मधे घेता? मी नुसता बंदूक बाटलेला माणूस. भात तू राखतेस, रान त्या पोरांना लागणार आहे. तुम्ही बघा." ते माझ्या हातात एक पान देतात, घडी घातलेलं. उबदार आहे. "उघडू नकोस. धर नुसतं."

मी धरते. घट्ट धरते.

"अहो..."

"आजी! आजी, चलताय ना? जीप आलीय."

कोंबड्या. चटई. ऊन पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेलंय. पायरीवर इरा उभी आहे, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर काळजी. माझी उजवी मूठ आवळलेली आहे, इतकी की बोटं सुटी करायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते.

मुठीत काही नाही. पण तळवा लाल आहे. बोटंही लाल. सागाचं कोवळं पान चुरगाळलं की हात होतो तसा लाल. पोरंसोरं मेंदी म्हणून लावतात. आमच्या परसात साग नाही. तो बांधावर आहे, ओहोळापलीकडे, आणि पाऊस लागल्यापासून माझे गुडघे मला तिकडे जाऊ देत नाहीत.

"आजी, हाताला काय लागलं? रक्त आहे का?"

"नाही गो. पानाचा रंग आहे."

ती डोळे बारीक करून बघते. सगळं लिहून घ्यायची सवय ना तिला. मग विचारते, "डुकरिणीची गोष्ट सांगाल ना सभेत?"

मी उठते, लुगडं सारखं करते. मारा, एकूण एक मारा, हे सकाळी ठरवलेलं जिभेवर शोधते, तर सापडत नाही. शेत मात्र सापडतं. लोळवलेलं भात, रात्रीची जागरणं, सगळं आहे तिथंच.

"माझ्या शेताचं सांगीन," मी म्हणते. "मारा म्हणायचं झालं तरी भातापायी म्हणेन, नका म्हणायचं झालं तरी भात बघूनच म्हणेन. डुकरिणीचा नि माझा हिशोब मिटलाय."

"आणि तात्यांचं? त्यांनी बंदूक का टेकली, ते तुम्हीच सांगू शकता."

पोरगी वाईट नाही. पण ह्यांच्या तोंडचं जे जे होतं ते तिनं नेलं, गावानं नेलं, डुकरिणीनंसुद्धा नेलं. मी लाल मूठ पदराखाली घेते.

"सगळ्यांचे वाटे झाले, बाय," मी तिला म्हणते. "हा माझा."

आणि हात न धुता जीपकडे चालायला लागते.