भिंतीपाशी बसणारे आजोबा

तिरोड्याच्या समाजमंदिरात आमचा ज्युदोचा वर्ग भरायचा. मॅटच्या पलीकडे भिंतीला टेकून एक आजोबा रोज तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे. कोणाचे कोण, ठाऊक नाही. मॅटवर उतरताना आम्ही कमरेत वाकून मॅटला नमस्कार करायचो. तो आपल्यालाच, असं त्यांनी धरलं होतं. खर्रा बाजूला ठेवून, हात उचलून ते प्रत्येकाला "सुखी राहा" म्हणायचे. वीस पोरं, वीसदा. त्यांना सांगणार कोण?

एकदा मला म्हणाले, "एवढी संस्कारी पोरं तुमी, मंग एकमेकाले काऊन पटकून राहिले?"

पुढे स्पर्धेत मी समोरच्या मुलीपुढे वाकले. पंचांनी खेळ सुरू केला, तरी सवयीनं मी वाकलेलीच. दुसऱ्या क्षणी पाठीवर होते, आणि आशीर्वाद अजून यायचाच होता.