शिशाचा थर

मी संशोधनाला लागले तेव्हा मला प्रयोगशाळेतलं काम शिकवलं ते माझ्याहून दोन वर्षं पुढे असलेल्या एका ताईने. ती नरखेड तालुक्यातल्या खेड्यातली, लग्न होऊन शहरातल्या नंदनवन भागात राहायला आलेली. आम्ही पेरोव्स्काइट नावाच्या स्फटिकापासून बनणाऱ्या सौरघटांवर काम करत होतो. शिशाचं आयोडाइड आणि दुसरा एक क्षार विरघळवून त्याचे थेंब काचेवर टाकायचे, काच गरगर फिरवायची आणि गरम तबकडीवर ठेवायची. पिवळट थर बघता बघता काळपट व्हायचा.

"हे पाय," ती म्हणायची, "आता उजेड खाऊन राहिला."

केसाच्या जाडीचा शंभरावा हिस्साही नसलेला तो थर डोळ्यांना दिसणारा बहुतेक उजेड शोषून घेतो. नेहमीच्या सौरपट्ट्यांतल्या सिलिकॉनला त्यासाठी कितीतरी जाड व्हावं लागतं. तिने मला ते आलेखावर दाखवलं. जांभळ्यापासून लाल रंगापर्यंत शोषणाची रेघ वर राहायची आणि लालच्या पलीकडे एकदम कोसळायची. प्रकाशकणात इलेक्ट्रॉनला वरच्या पायरीवर ढकलण्याइतकी ऊर्जा असली तर तो थरात शोषला जातो, जरा कमी पडली की आरपार निघून जातो. हे तिच्याकडून ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं.

एका दुपारी जिन्यात तिने सांगितलं, दिवस गेलेत. आमच्या सरांनी त्याच दिवशी तिला रसायनांपासून दूर केलं आणि फक्त मोजमापाचं काम दिलं. पण त्याआधीचे सहा आठवडे ती रोज शिशाच्या द्रावणात काम करत होती. हातमोजे असायचे, ते कधी कधी फाटायचेही.

चौथ्या महिन्यात तिचं बाळ गेलं.

मी भेटायला गेले. सासूबाई चहा ठेवून आत गेल्या. ताई भिंतीला टेकून बसली होती.

"तुले काय वाटते वं, त्या शिशानं झालं असन का?"

"नाही, ताई," मी म्हटलं. फार लवकर म्हटलं.

"डॉक्टरही नाहीच म्हणते. रक्तात शिसं जास्त नाही म्हणते." तिने कप बाजूला सरकवला. "मंग काहून झालं?"

खरं तर तीच शंका माझ्याही मनात होती, आणि डॉक्टरांच्या कागदाने ती गेली नव्हती. उठताना मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "तू दोन हातमोजे घालत जाय."

ती परत आली नाही. प्रबंधात मला तिने काढलेले आलेख हवे होते, म्हणून फोन केला. "वापर ना," ती म्हणाली, "मले आता काय करायचं त्याचं?" मी प्रत्येक आलेखाखाली तिचं नाव घातलं.

विभागात कुणी तिच्याबद्दल विचारलं, तर घरच्या अडचणींमुळे सोडलं, असं मी सांगते. लोक पुढे काही विचारत नाहीत. दिवाळीला तिचा मेसेज येतो, मीही पाठवते. तेवढंच उरलं आहे.