एका डाळीत दोन रानं

मी पारूबाईच्या तुरीची डाळ म्हशीला खाऊ घातली, आणि ते लपवायला बाजारातली डाळ उरलेल्या डाळीत मिसळली. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दीड महिन्यापूर्वी लोहाऱ्यात, गावाकडं जाणाऱ्या माकणीच्या जीपमध्ये बसलो होतो, जीप भरायची वाट बघत, तेव्हा वहिनीच्या सुनेचा, अर्चनाचा फोन आला. "काका, आई गेल्या..." एवढंच म्हणाली. सरूवहिनी गेल्या. अशा वेळी माणसाला काहीतरी थोर आठवावं. मला आठवली ती डाळ. जीपवाला "काका, सरका जरा" म्हणत होता आणि मी सरकत होतो, सरकत होतो... शेवटी पलीकडच्या दारातून खालीच उतरलो.

सरूवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ लवकर गेला, रान त्यांनीच सांभाळलं. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. स्वतःचं म्हणावं असं गुंठाभरही रान मला नाही, त्यामुळे शेतीवर मी फार अधिकारानं बोलतो. वहिनी बोलत नसत, करत. आधी सगळ्यांसारखी त्याही औषधं फवारायच्या. एकदा फवारून आल्या, साबणानं दोनदा हात धुतले, भाकरी थापली, आणि लहानग्या विलासला घास भरवायला गेल्या तर पोरगं हाताचा वास घेऊन मागं सरकलं. "माझं पोरगं माझ्या हाताला भ्यालं भावजी," एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. पंप त्याच हंगामात माळ्यावर गेला. मग शेणखत, निंबोळीचा अर्क, दोन-तीन वर्षं अर्धमुर्धं पीक आणि गावाचं हसू. हसणाऱ्यांत मी पुढं होतो. हळूहळू दहा बाया त्यांच्या गटात आल्या, शेवटची पारूबाई. तूर भिजवायची, लाल माती चोळून उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, पाखडायची... आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी: कुणाचं रान, कुठल्या बांधाचं, कधी भरडली. चिठ्ठी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "खानाऱ्याला आपल्या बांधावर येऊन भांडता आलं पायजे. दुकानातल्या डाळीशी कुनाशी भांडनार?"

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. "तुमी जलमभर मानसाला इचारलं, कुठनं बसला, कुठं उतरनार. आता डाळीला इचारा," असं म्हणून त्यांनी मला पेन दिलं. मी खूश. निवृत्त माणसाच्या हातात पेन दिलं की त्याला कचेरी मिळाल्यासारखं वाटतं.

पिशवी बांधायच्या आधी वहिनींचा एक नेम असे. प्रत्येक डाळीतली मूठभर पितळी तपेल्यात, उघड्यावर, चुलीवर शिजवायची. स्वतः चाखायची. आणि एक मूठ बरणीत घालून, चिठ्ठी लावून फळीवर ठेवायची. घरात कुकर होता, पण या कामाला तो वर्ज्य. "कुकर सगळ्यांला माफ करतो," त्या म्हणायच्या. "त्यात काय बी घाला, मऊ हुतंय. तपेलं माफ करत न्हाय." एका रानातली डाळ एका वेळी शिजते, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. मी शंभरदा मान हलवली होती.

त्या वर्षी पुण्या-सोलापुराकडची दहा-बारा कुटुंबं गावात येणार होती. रानं बघायची, जेवायचं, आणि पटलं तर वर्षभराची डाळ या बायांकडूनच न्यायची. अकरा घरांनी इतकी वर्षं ज्याच्या आशेवर हसू सोसलं, तो दिवस. त्याच्या आदल्या दिवशी पारूबाईची डाळ शेवटचं ऊन द्यायला माझ्या अंगणात ताडपत्रीवर पसरली होती आणि राखणीला काठी घेऊन मी. कोपऱ्यावरच्या हॉटेलात कुणीतरी हाक मारली. मी पाच मिनिटांसाठी गेलो आणि नदीच्या पुरात अडकलेल्या गाडीची गोष्ट सांगायला बसलो. ती गोष्ट पाच मिनिटांत संपत नाही, मी संपू देत नाही. परत आलो तर दावं तोडून आमचीच म्हैस ताडपत्रीच्या मधोमध, पंगतीत मानानं बसवल्यासारखी. अर्धी डाळ तिनं खाल्ली होती, तुडवली होती, आणि तिच्यावर शेणही टाकलं होतं.

इथंच वहिनींकडं जाऊन "चुकलो" म्हटलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता. मी जीप धरून लोहाऱ्याला गेलो. दुकानदारानं कशाला पाहिजे विचारलं नाही, मी कुठली आहे विचारलं नाही. दोघंही समाधानी. घरी येऊन बघतो तर नवी डाळ भलतीच चकचकीत, नवरीच्या करवलीसारखी. मग तिला लाल माती चोळत बसलो. बायको म्हणाली, "काय करायलाव?" म्हटलं, "गटाचं काम." चांगली डाळ आणि ती डाळ दोन्ही हातांनी मिसळली, वर केली, खाली केली, आणि माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लिहिली: पारूबाई, विहिरीकडचं रान.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वहिनींच्या परसात चूल पेटलेली. भाकऱ्या, शेंगाचटणी, अंबाडीची भाजी, आणि वरण पारूबाईच्याच डाळीचं, कारण तिची ही पहिलीच खेप, तिचा मान. आधी नेमाप्रमाणे तपेलं. पाण्याला उकळी आली, डाळ पडली. मी चिठ्ठ्यांचं पुडकं घेऊन शेजारी उभा. बाया हसतखिदळत होत्या. वेळ गेला. वहिनींनी पळीनं ढवळलं, थांबल्या, परत ढवळलं. दोन दाणे काढून बोटांत दाबले. एक विरघळला. दुसरा तसाच. त्यांनी आणखी चार काढले...

"ह्यात दोन रानं हायत," वहिनी म्हणाल्या.

तपेल्यात अर्धी डाळ पिठासारखी झाली होती आणि अर्धी खड्यासारखी तळाला वाजत होती. मग सगळ्यांची मान एकदम पारूबाईकडं वळली. चिठ्ठी तिची होती.

"पारू, घरची कमी पडली व्हती का?" एकीनं विचारलं. आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला.

"माझ्या लेकीची आन," पारूबाई म्हणाली. "म्या एक दाना बाहेरचा घातला न्हाय."

"मग आभाळातनं पडली का?"

पारूबाईनं वहिनींकडं बघितलं. वहिनी तपेल्याकडं बघत होत्या. मी... मी चिठ्ठ्या मोजत होतो. खरंच. माझ्या हातातलं पुडकं मी तीनदा मोजलं. एक शब्द बोललो असतो तर ती बाई सुटली असती. पण मनात हिशोब चालला होता की पाहुणे येतील, गडबड होईल, विषय मागं पडेल... पारूबाईनं पदर खोचला. "म्या जाते. माझ्यामुळं तुमचं कुनाचं अडायला नगं," म्हणाली आणि फाटकापर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात पाहुण्यांच्या गाड्यांची धूळ दिसली.

"पारू, बस," वहिनी म्हणाल्या. "जेवल्याबिगर कुनी जायचं न्हाय."

पाहुणे रानं बघून आले, पंगत बसली. मला वाटलं वहिनी दुसऱ्या कुणाची डाळ काढतील, झाकतील. त्यांनी तेच वरण शिजवलं होतं, तेच वाढलं. पुण्याच्या एक बाई घास घेऊन थांबल्या, भल्या होत्या, म्हणाल्या, "छान आहे हो. आम्ही कुकरलाच लावतो, आम्हाला कळणारही नाही."

"म्हनून तर सांगते," वहिनी उभ्या राहिल्या. हात पदरात, आवाज अगदी सपाट. "ह्या डाळीत दोन रानं हायत. एक पारूचं हाय, दुसरं कुनाचं म्हाईत न्हाय. जे म्हाईत न्हाय ते म्या देनार न्हाय. आन् दुसरं रान कुनाचं ते कळंपतुर, आज अकराजनींपैकी कुनाचीच डाळ मिळनार न्हाय."

बाकीच्या दहा बाया भिंतीला लागून उभ्या होत्या. पारूबाई सगळ्यांत कडेला, मान खाली, आणि तिच्या शेजारची जागा मोकळी. तेवढी मोकळी जागा मला बघवली नाही. मी तोंड उघडलं आणि तीस वर्षं खच्चून भरलेल्या गाडीत ओरडणाऱ्या माझ्या गळ्यातून एवढंच आलं, "म्हस..."

"काय?"

"म्हशीनं खाल्ली."

पाहुण्यांना वाटलं असावं, घरातला कुणी खुळा असेल. मग मी सगळं सांगितलं, हॉटेल, पुरातली गाडी, लाल माती, सगळं. वहिनींनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "कुठनं आनली?"

"लोहाऱ्यातनं."

"लोहाऱ्यात कुठनं आली?"

मी हातातल्या चिठ्ठ्यांकडं बघितलं.

"तीस वर्षं तिकीट फाडलं भावजी, आन् ही फुकट बसवली."

त्या दिवशी दोन कुटुंबं काही न घेताच गेली. बाकीच्यांनी डाळ नेली, सोलापूरच्या एक बाई अजून दर वर्षी येतात आणि आल्या की आधी "म्हैस कशी आहे?" विचारतात. मला पारूबाईच्या दारात जाऊन, दहाजणींसमोर, चुकलो म्हणावं लागलं. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि नंतर वर्षभर माझ्याशी बोलली नाही. मिसळलेली डाळ वहिनींनी माझ्या घरी पाठवली, "तुमीच खायाची" म्हणून. आम्ही ती कुकरला लावून खाल्ली. कुकरनं मला माफ केलं.

वहिनींच्या डाळीनं माझा कुठला रोग बरा झाला असं मी म्हणणार नाही. त्या स्वतःही म्हणत नसत. "औशिद न्हाय ही, जेवन हाय." पण कुठल्याशा स्टँडवरचं, कुणी केलं कशाचं केलं माहीत नसलेलं जेवून जेवून जळजळणाऱ्या माझ्या पोटाला त्यांच्या परसातलं वरण, नुसतं हळद-मीठ-लसणाचं, कधी टोचलं नाही. आणि जेवताना एक गोष्ट कळायची, जी मला इतकी वर्षं कळली नव्हती: हे कुणाच्या हातचं आहे. शेवटच्या आठवड्यात त्यांना दोन घासांवर जात नव्हतं. अर्चनानं चमच्यानं वरण भरवलं. डोळे मिटलेलेच होते. "पारूचं," म्हणाल्या, "इहिरीकडचं..." आणि मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "एकच रान आहे, वहिनी. आई शप्पथ." त्या हसल्या असं मला वाटलं. अर्चना म्हणते, ठसका लागला होता.

परवा त्यांच्या घरी गेलो. या वर्षीची पहिली डाळ तयार होती, वहिनींशिवायची पहिली. चुलीवर तेच पितळी तपेलं, आणि समोर पारूबाई, कारण आता चाखायचं काम बायांनी तिच्याकडं दिलंय. अर्चनानं पुसायला फळीवरच्या बरण्या खाली काढल्या होत्या. त्या दिवसापासून मी त्या फळीकडं मान वर करून बघितलं नव्हतं. सगळ्यांत मागची एक बरणी तिनं माझ्या हातात दिली. आत मूठभर डाळ, रंग उडालेली, काही दाणे अजून जरा चकचकीत. चिठ्ठी माझ्या अक्षरातली नव्हती. वहिनी उतारवयात लिहायला शिकल्या, तसल्या वाकड्या अक्षरात होती: येक रान पारूचं, येक रान भावजीचं.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. सातबाऱ्यावर जन्मात नाव लागलं नाही माझं... मी पारूबाईला म्हटलं, "बघ, वहिनीनं माझ्या नावानं रान केलं."

तिनं तपेल्यातला दाणा बोटात दाबला, विरघळला तो बघितला, आणि वर न बघता म्हणाली, "रान कसलं कंडक्टर? नव्या बायांला वळखू यावं म्हनून तण जपून ठिवलं व्हतं त्यांनी."